गाठोड्याला खण नाही

“गाठोडं म्हणजे नेमकं काय, बाई?” नखातेसाहेबांनी विचारलं.

“गाठोडं म्हणजे गाठोडं!” धुरपाबाई म्हणाली. “आणखी काय असतंय?”

“तसं नव्हे. धातूचं, कापडाचं, कातड्याचं, की काचेचं?”

धुरपाबाईनं माझ्याकडं पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, असं तिच्या तोंडावर होतं.

थट्टा नव्हती हो. थट्टा असती तर परवडली असती.

मी हलीमा. पीरमाळाच्या उरुसात तीस वर्षं माझं रेवड्यांचं दुकान त्या निंबाखाली लागतं. शेजारी दिलावरबाबांचा मांडव. बाबा फकीर. उरुसात कुणाचं काही सापडलं की लोक त्या मांडवात आणून देतात, आणि कुणाचं काही हरवलं की तिथंच शोधत येतात.

बाबांची रीत सरळ होती. मांडवात या खांबापासून त्या खांबापर्यंत एक दोरी. दोरीवर रंगीत चिंध्या बांधलेल्या. पहिली चिंधी म्हणजे पायऱ्या. दुसरी हौद. तिसरी चुली, जिथं लोक नवसाची कंदुरी शिजवतात. मग माझं दुकान, मग बांगडीवाले, मग टांग्यांची जागा. जे जिथं सापडलं ते तिथं लटकायचं.

रडत माणूस आलं की बाबा एकच विचारायचे, “कुठं बसला होतास?”

काय हरवलं हे विचारायचेच नाहीत. माणूस म्हणायचं, हौदावर. बाबा त्याचा हात धरून दुसऱ्या चिंधीपाशी न्यायचे. वस्तू दिसली की माणूस आपणच ओरडायचं. झालं काम.

आणि मग हे नखातेसाहेब आले.

शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांचे वर्ग पाडण्यात त्यांचा जन्म गेला. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ठरवणारा माणूस. रिटायर झाले आणि बाबांच्या पायाशी येऊन बसले. म्हणाले, “बाबा, मला ज्ञान हवंय.”

बाबा म्हणाले, “आधी उरुसाचे चार दिवस हरवलेलं सांभाळ.”

पहिल्याच दिवशी साहेबांनी दोरीकडं पाहून नाक मुरडलं.

“बाबा, हा नुसता गोंधळ आहे. पागोट्याशेजारी तांब्या, तांब्याशेजारी चप्पल!”

“गोंधळ कुणाला होतो?”

“कुणालाही होईल. शास्त्रच नाही यात.”

“बरं...” बाबा म्हणाले. “तू लाव.”

लावलं की साहेबांनी! शाळेतून सहा खणांची मांडणी मागवली. धातू, वस्त्र, चर्म, काच, कागद, इतर. मोठा काळा फळा आणला. त्यावर खडूनं झाड काढलं. बुंध्यावर ‘सापडलेल्या वस्तू’, मग फांद्या, फांद्यांना डहाळ्या. झाडाखाली बारीक अक्षरात यादी. ती त्यांनी मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली.

“पागोटं, पाहा : शिरोवस्त्र. वहाण, पाहा : पादत्राण. चष्मा, पाहा : नेत्रोपकरण. एकाच वस्तूची दहा नावं असतात, हलीमाबाई. माणूस कुठल्याही नावानं आला तरी माझी यादी त्याला योग्य जागी पोचवते.”

“आणि दोरी?”

ती गुंडाळून टेबलाखाली टाकली होती. बाबा दर्ग्याच्या दारात जाऊन बसले. मला मात्र राग आला. एवढं चांगलं चाललेलं होतं!

खोटं कशाला बोलू, एका माणसाला त्या फळ्याचा उपयोग झाला. कॉलेजातले एक गुरुजी आले, फळ्याकडं पाहिलं, बोट फिरवलं, आणि दोन मिनिटांत आपलं शाईचं पेन घेऊन गेले. जाताना म्हणाले, “वा! किती शिस्तशीर!”

साहेब दिवसभर त्याच तोऱ्यात होते.

बाकी सगळी माणसं फळ्यासमोर उभी राहायची. मान वाकडी करायची. मग हळूच माझ्याकडं येऊन विचारायची, “बाई, इथं फकीरबाबा बसायचे ना?” एक म्हातारा तर आपलं पागोटं डोळ्यासमोर असताना परत चालला होता. साहेब शिरोवस्त्र म्हणाले, तर माझं शिरोवस्त्र नाही म्हणाला. माझं पागोटं हाय. मीच हाक मारून थांबवला त्याला.

तर चौथ्या दिवशी, उरूस उठायच्या दिवशी, दुपार कलताना ही धुरपाबाई आली.

“साहेब, नीट ऐका,” ती म्हणाली. “सकाळी हौदावर ठेवलं होतं. नातीला आंघोळ घालीत होते. वळून बघते तर नाही. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, एवढंसं.”

साहेबांनी फळ्याकडं पाहिलं. यादी वरून खालपर्यंत वाचली.

“गाठोडं असा वर्ग नाही,” ते म्हणाले.

“वर्ग नसू दे. गाठोडं हाय का?”

“एकही नाही. चारही दिवसांत मी एकही गाठोडं गाठोडं म्हणून ठेवलेलं नाही. हे पाहा बाई, गाठोडं ही वस्तू नाही. ती वस्तूंची अवस्था आहे.”

धुरपाबाई मटकन खाली बसली.

“मग गेलं...” ती म्हणाली. “माझ्या सुनेची तीन गेली, साहेब. पाळण्यातच गेली. चौथी ही मैना. पीराला बोलले होते, ही राहिली तर तिचं जावळ तुझ्या पायाशी वाहीन. पहिले केस, पहिलं टोपडं, पहिला वाळा. आज सकाळी न्हाव्यानं केस काढले. सून सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. दिवस बुडताना पीराचं निशाण उतरतं की उरूस संपला. मग मी काय वाहू? त्या पोरीचं डोकं बोडकं झालंय. पहिलं जावळ पुन्हा कुठून आणू?”

टोपडं. वाळा. मी दुकान सोडून पुढं झाले.

सकाळीच बघितलं होतं मी. एका पोरीनं एक हिरवं गाठोडं आणून दिलं, आणि साहेबांनी ते टेबलावर ठेवून सोडलं. नीट, हळूहळू, एकेक वस्तू बाजूला काढत. मी त्या वेळी गिऱ्हाइकात होते. बोलले नाही. माझंही चुकलंच.

“साहेब!” मी ओरडले. “ते हिरवं! सकाळचं! ते कुठाय?”

“कोणतं? अच्छा, ते. ते व्यवस्थित आहे,” साहेब म्हणाले. आणि खरंच, एका क्षणात त्यांनी काढून दिलं. दुसऱ्या खणातून हिरवा तुकडा. “वस्त्र, जीर्ण.” त्याच खणातून टोपडं. “वस्त्र, बालकांचे.” पहिल्या खणातून चांदीचा वाळा. “धातू, अलंकार.”

माणूस हसत होता हो! आपली पद्धत कशी अचूक, म्हणून हसत होता.

धुरपाबाईनं टोपडं छातीशी धरलं. मग वाळा. मग तिनं हात पुढं केला.

“आणि केस?”

साहेबांनी खणांकडं पाहिलं.

“केस कुठायत, साहेब?”

“ते... बाई, ते केस होते. कुठल्याच वर्गात बसत नव्हते. अस्वच्छ म्हणून मी ते...”

“फेकलेस?”

“झाडणाऱ्या बाईला दिले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुरपाबाई तर उठून उभीच राहिली.

“अरे, तुला पोरंबाळं हायत का नाहीत? बांधलेलं होतं ते! गाठ मारलेली दिसली नाही तुला? कुणीतरी बांधलं म्हणजे एकत्र राहावं म्हणूनच बांधलं ना? का तुझ्या फळ्याला सोयीचं व्हावं म्हणून बांधलं होतं?”

आवाज ऐकून बाबा दर्ग्याच्या दारातून उठून आले. धुरपाबाईनं सगळं सांगितलं. रडत, शिव्या देत. मीही मध्ये मध्ये भर घातली, कसली कसर ठेवली नाही.

बाबांनी साहेबांकडं पाहिलं.

“का टाकलेस?”

“बाबा, टाकाऊ होते.”

“कुणाला?”

“म्हणजे?”

“टाकाऊ... कुणाला?”



बाबा खाली बसले. हिरवा तुकडा जमिनीवर पसरला. त्यावर टोपडं ठेवलं. टोपड्याशेजारी वाळा ठेवला. मग साहेबांचा हात मनगटाला धरून खाली ओढला आणि तळवा त्या तुकड्यावर, उरलेल्या जागी, टेकवला.

“हा खण रिकामा आहे,” बाबा म्हणाले. “भर.”

 

मग ते उठले आणि माझ्या दुकानामागं गेले.

तिथं उरुसाचा सगळा केर पडतो. चार दिवसांचा. पत्रावळ्या, नारळाच्या शेंड्या, सुकलेली फुलं, आणि माझ्या रेवड्यांचे चिकट कागद. साहेब आधी उभ्यानं काठीनं उचकत राहिले. मी म्हटलं, “असं नाही मिळायचं.” मग वाकले. मग गुडघ्यावर आले. शेवटी धोतर आणि घसरता चष्मा सावरायचं सोडून केरातच फतकल मारून बसले आणि एकेक कागद हातानं उलगडू लागले.

मी काही मदत केली नाही. खरं सांगते. उभी राहून बघत होते. राग गेला नव्हता माझा.

सूर्य खाली चालला होता. तिकडं निशाणाजवळ ताशा वाजायला लागला. हौदाच्या कठड्यावर ती सून मैनेला मांडीवर घेऊन बसलेली, ओठ वाळलेले. पोरगी आपल्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवत होती.

शेंड्यांच्या ढिगात केस शोधायचे. विचार करा! दोनदा त्यांनी नारळाची शेंडीच उचलून आणली. धुरपाबाईनं दोन्ही वेळा नुसती मान हलवली.

“आणखी बघतो,” साहेब म्हणाले. आवाज बसला होता त्यांचा.

आणि मग सापडलं. माझ्याच एका कागदाला चिकटलेलं. मऊ, काळंभोर, मुठीएवढं. साहेब ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आले. वाऱ्यानं उडेल म्हणून त्यावर तोंड झुकवलेलं. ओंजळ बाबांपुढं धरली. बाबांनी धुरपाबाईकडं बोट दाखवलं.

धुरपाबाईनं केस घेतले, साखर पुसली, टोपड्यात ठेवले. साहेब गाठ मारायला पुढं झाले.

“हात लावू नको,” ती म्हणाली.

गाठ तिनंच मारली. सुनेला हाक मारली, मैनेला कडेवर घेतलं, आणि निशाण खाली येताना तिघी पीराच्या उंबऱ्यावर होत्या. सून तिथंच पाणी प्याली. मी पाहिलं ते. 

परत आले तर साहेब मांडवात फळ्यासमोर उभे. डोळे बारीक केलेले. हातानं चाचपडत काचेचा खण बघितला. मग धातूचा. मग ‘इतर’.

“काय शोधताय, साहेब?”

“चष्मा,” ते म्हणाले. “माझा चष्मा. कुणीतरी आणून दिला असेल. हलीमाबाई, जरा यादी वाचता का? ‘नेत्रोपकरण’ मी काचेत लावलं होतं की धातूत, आठवत नाहीये.”

“मला कुठं वाचता येतं?”

ते माझ्याकडं वळले. त्यांना मी धड दिसतही नसणार.

“चार दिवस मला फळा वाचून दाखवलात,” मी म्हणाले. “एकदा तरी विचारलंत का?”

ते फळ्यावर हात टेकून उभे राहिले. हाताला खडू लागला. एक फांदी पुसली गेली.

टेबलाखालची दोरी बाबांनी केव्हाच काढली होती. पुन्हा या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधली होती. त्या घटकेला दोरीवर एकच वस्तू लटकत होती, चौथ्या चिंधीपाशी. मीच दिली होती ती बाबांना. केरातल्या रेवडीच्या कागदातून उचलून, पदरानं पुसून. साहेबांना मात्र सांगितलं नव्हतं, मुद्दामच.

“फळा उतरवू का, बाबा?” साहेबांनी विचारलं.

“राहू दे. पेनवाला पुढल्या वर्षी येईल.”

“मग मी काय करू? मला काहीच दिसत नाहीये, बाबा. माझा चष्मा हरवलाय.”

बाबांनी त्यांचा हात धरला.

“कुठं बसला होतास?”