नव्या क्लचप्लेटचे लाड

गाड्यांचे भाग आपसात भांडायचे, त्या काळची गोष्ट. सदानंदनानांच्या जीपला नवी क्लचप्लेट बसली. मिस्त्री म्हणाला, "नाना, सेट होईपर्यंत जपा हिला." मग काय, नाना क्लचवरचा पाय असा उचलायचे, जणू खाली बाळ झोपलंय!

जुन्या ब्रेकचा नुसता जळफळाट. "महाराणीला गोंजारतात आणि माझ्या छातीवर लाथ!"

एकदा उतारावर अचानक रेडकू आडवं आलं. नानांना क्लचचं भानच राहिलं नाही. त्यांनी सगळा भार ब्रेकवर टाकला. गचका देऊन जीप थांबली. रेडकू वाचलं.

"बघितलंस? पुन्हा लाथ!" ब्रेक कण्हला.

क्लचप्लेट धुसफुसली, "दादा, मी शेजारीच होते की! पण जिवावर बेतलं, तेव्हा नानांना तुम्हीच आठवलात."