कपाळाची माती

माकडांचंही कॉलेज होतं त्या काळची गोष्ट. त्यांचा कबड्डीचा संघ सामन्यासाठी शेजारच्या रानात गेला आणि साळिंदरमावशीच्या धर्मशाळेत उतरला. पोचल्या पोचल्या त्यांनी गाद्या फाडल्या, पिण्याच्या माठात पाय बुडवले, केळ्यांची सालं अंगणभर फेकली. मावशी रागावली, तर कर्णधार गुरकावला, "आम्ही खेळाडू आहोत, म्हातारे!"

दुसऱ्या दिवशी मैदानात शिरताना प्रत्येक माकडाने वाकून माती कपाळाला लावली. "काय हे संस्कार!" प्रमुख पाहुणे हत्तीसाहेब गहिवरले.

तेवढ्यात मावशी जड टोपली ओढत आली आणि कर्णधारासमोर थांबली.

"माझ्या अंगणातलीही माती आणलीय, बाबा. तुमच्या सालांसकट. घे, लाव कपाळाला."