उतरलेला सूर

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका संस्थानात पियानो आणि व्हायोलिन यांची मैफल ठरली. बरेच दिवस न जुळवल्याने पियानोचा सूर किंचित उतरला होता.

"तुझा सूर चुकतोय," व्हायोलिन म्हणालं.

"ठाऊक आहे. पण माझ्या एवढ्या तारा आता कोण चढवणार? तूच जरा खाली ये."

"मी बरोबर असून उतरू?"

पहिली, जुनी रचना दोघांनी आपापल्या सुरात वाजवली. लोक चुळबुळ करू लागले, काही तर उठूनच गेले. मग व्हायोलिनने मुकाट्याने आपल्या चारही तारा सैल केल्या. त्यानंतरची नवी रचना अशी जुळून आली, की दरबार स्तब्ध झाला.

"आज पियानो काय सुरेख लागला होता!" राणीसाहेब जाता जाता म्हणाल्या.

पियानो ओशाळला. "खरं सांगू का त्यांना?" त्याने हळूच विचारलं.

व्हायोलिन तोवर आपल्या पेटीत निजलं होतं.