फिरकीनं भोपळीला दिलेला शब्द

एक होती राणी. तिला ना मुकुट, ना सिंहासन, ना राजवाडा. ओढ्याकाठच्या उंबराच्या ढोलीत तिचं राज्य. कारण ती राणी होती मधमाश्यांची, बरं का! ढोलीत मेणाच्या सहाकोनी खोल्या. खोलीखोलीत एकेक पांढरं, गुबगुबीत पिल्लू. आणि सगळ्या पिल्लांचं एकच गाणं, भूक, भूक, भूक!

त्या काळी मधमाश्यांना रीतभात ठाऊक नव्हती. दिसलं फूल की बस, चाखलं की ऊठ. सूर्यफुलावरून दोडक्यावर, दोडक्यावरून भोपळ्यावर. माझ्या मिरचीच्या दुकानात एक बाई यायच्या, अगदी तश्शा. हात आधी लवंगी मिरचीत, मग तोच हात धण्यात, तोच बडीशेपेत. घ्यायच्या काहीच नाहीत. आणि मागचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर, "आज्जी, तुमची बडीशेप खाऊन आमच्या पाहुण्याला ठसका लागला की!"

मधमाश्यांचंही तेच झालं. फुलात पिवळी भुकटी असते ना, पराग? भोपळ्याची भुकटी भोपळ्याच्याच फुलाला लागली, तर भोपळा धरतो. सूर्यफुलाची लागली, तर काय धरणार? कपाळ! माश्यांच्या पायांना सतरा फुलांची भुकटी. सगळी मिसळ झालेली. मळ्यात ना भोपळा धरे, ना दोडका. सूर्यफुलाच्या बिया बघाव्यात, तर आत नुसती हवा.

मग एके सकाळी काय झालं? सगळ्या फुलांनी दुकानं बंद केली! पाकळ्या गच्च मिटल्या. माश्या दारोदार फिरल्या. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ढोलीतला मध संपत आला, अगदी तळाचा उरला. पिल्लांचं गाणं बारीक झालं.

"आज्जी, पिल्लं मेली?"

थांब की रे सुमेध! गोष्ट काय पळून चाललीय? पांघरूण घे अंगावर. गौतमी बघ कशी गुपचूप ऐकतेय.

तर राणीनं फिरकीला हाक मारली. फिरकी अंगानं एवढीशी, पण नाक असं की तीन शेतं पलीकडचा तीळ ओळखेल. राणी म्हणाली, "फिरके, हा शेवटचा थेंब. पिल्लांच्या तोंडचा आहे. हा पिऊन ऊड. आज मध मिळाला तर माझी लेकरं जगतील."

"आईसाहेब, रिकामी नाही यायची."

"रिकामी आलीस तरी ये गं बाई. पण ये."

मग फिरकी उडाली. भिर्रर्र! आधी गेली सूर्यफुलाकडं. त्यानं तिला बघितलं आणि सरळ पाठ फिरवली. किती गोल फिरली, तरी पाठच पुढं!

मग गेली दोडक्याच्या वेलाकडं. कळी आतूनच म्हणाली, "माझं दार तिन्हीसांजेला उघडतं. आणि तुझ्यासाठी तेव्हाही नाही!"

मग गेली बांधावरच्या भोपळीकडं. तिथं एक फूल जरासं किलकिलं होतं.

"भोपळीमावशी, थेंबभर दे. घरी पिल्लं उपाशी आहेत."

"आणि माझी गं?" भोपळी कडाडली. "पिल्लं काय तुम्हालाच असतात? ते बघ खाली!"

खाली मातीत सुपारीएवढा एक भोपळा पडला होता. पिवळा, सुकलेला. गळून गेलेला.

"माझं लेकरू," भोपळी म्हणाली. "तुम्ही आलात, प्यायलात, गेलात. त्याला हवी ती भुकटी कुणी आणलीच नाही. असली सात गळाली माझी."

एवढे दिवस फिरकी फुलाच्या दारात यायची, पण घरात कोण आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मग ती खाली बसली. सहाही पायांनी अंग झटकलं. डोकं पुसलं, मिशा पुसल्या, पंख पुसले. जुनी भुकटी सगळी मातीत पाडली.

"मावशी, आता मला तुझी भुकटी दे. कुठं पोचवायची ते सांग. मध नंतर बघू."

भोपळी चमकली. आजवर असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं तिनं! "पलीकडं विहिरीवर माझी बहीण आहे. तिच्या वेलावर आज शेवटचं फूल आहे, पोटात भोपळा घेऊन. ऊन डोक्यावर आलं की ते कायमचं मिटेल. त्याआधी पोच. आणि वाटेत कुठंही बसायचं नाही. बसलीस की झाली मिसळ!"

"नाही बसणार. शब्द दिला!"

मग उडाली फिरकी, अंगभर सोनेरी भुकटी माखून. आणि ही बातमी मळाभर झाली! फुलं म्हणाली, बघूया तरी हिचा शब्द किती पक्का. वाटेवर तिळानं आपली पांढरी घंटा उघडली. आत मध चकाकत होता. "ये गं, दमलीस!" पण फिरकी गेली पुढं. मग तुळशीनं मंजिरी हलवली, असा वास सुटला, असा वास! फिरकीनं नाक मिटलं आणि गेली पुढं. मग झेंडू म्हणाला, "मध राहू दे, नुसती टेक घटकाभर. पंख बघ कसे थरथरतायत." हे मात्र कठीण होतं हं! प्यायलेला थेंब कधीच संपला होता. फिरकी खाली खाली येऊ लागली. झेंडूची पाकळी पायाला लागणार, एवढ्यात तिला मातीतला तो सुकलेला भोपळा आठवला. आणि तिनं पुन्हा झेप घेतली!

विहीर आली. ऊन डोक्यावर आलं. फूल मिटायला लागलं, एक पाकळी, दुसरी, तिसरी... फिरकी पंख मिटून दगडासारखी आत पडली. धप्प! सगळी भुकटी बरोब्बर जागेवर लागली. आणि समोर काय? मधाची वाटी! पोट भरभरून प्यायली. पण वर बघते तो दार मिटलेलं. मग डोकं घातलं, खांदा घातला, पाय रेटले, आणि शेवटच्या फटीतून सुटली बाहेर!

ढोलीत शिरली ती थेट पिल्लांच्या खोल्यांकडं. पिल्लांची तोंडं ओली झाली. गाणं पुन्हा मोठं झालं. मग फिरकीनं बहिणींना थेंबथेंब चाखवलं आणि नाचून वाट दाखवली. शेपूट हलवत इकडं वळ, तिकडं वळ. भोपळी कुठं, किती लांब, सगळं त्या नाचात!

चार दिवसांत विहिरीवरचा भोपळा मुठीएवढा झाला. ते बघून सूर्यफूल वळलं, दोडकी उघडली, सगळा मळा उघडला. फुलं म्हणाली, "आम्ही ठरल्या वेळी दार उघडू. मधाची वाट कळावी म्हणून पाकळीवर रेघा काढू." त्यातल्या कितीक रेघा माणसाला दिसतच नाहीत, बरं का, फक्त माशीलाच! माश्या म्हणाल्या, "आणि आम्ही एका फेरीत एकाच जातीच्या फुलाकडं जाऊ." तेव्हापासून माशी घरी आधी चव बघते. गोड असेल त्याच्यासाठी जास्त नाचते. आणि तिळाला निघाली की तिळालाच जाते, मग वाटेत झेंडू कितीही हाका मारो. फूल रिकामं झालं की दारावर आपला वास ठेवते. मागून येणाऱ्या बहिणीला कळतं, इथलं संपलं, पुढं चला. मी म्हणते, बाजाराला शिस्त असावी तर अशी!

त्या साली राणीच्या राज्यात एकही पिल्लू उपाशी झोपलं नाही. भोपळीचे वेल फळांनी लवले. मळ्याच्या मालकिणीनं भोपळ्यात गूळ घालून घारगे तळले आणि अख्ख्या आळीला वाटले. माश्या सुखी, फुलं सुखी, खाणारे सुखी.

आणि सुमेध तर झोपला वाटतं. तू गं गौतमी? मीट डोळे. उंबरातली पिल्लंसुद्धा केव्हाच निजली.