फडकं बांधलेली घंटा

"घंटा वाजवून आलास ना?"

हेरंबनं मान डोलावली. ओढली होती, पण वाजलीच नाही, असं तो म्हणाला. आतल्या लोळ्याला कुणीतरी फडकं गुंडाळून ठेवलंय.

"मीच गुंडाळलंय," भवानगिरी महाराज म्हणाले आणि पुन्हा चिंचा सोलायला लागले.

टेकडीवरचा मठ. शेवटच्या पायरीशी घंटा. आलेल्यानं आधी ती वाजवायची, मग आत पाऊल टाकायचं, हा इथला रिवाज. लहानपणी हेरंब आणि त्याची धाकटी बहीण वृंदा सुट्टीभर याच मठात पडीक असायची. आता तो डॉक्टर हेरंब नाडगौडा झाला होता, नवी औषधं शोधणारा. मोठा माणूस! पण मोठा माणूस भर उन्हात चारशे पायऱ्या धापा टाकत चढून येतो, तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. आल्यापासून तो सारखा घड्याळ बघत होता.

महाराजांनी फडक्याची हकीकत सांगितली. शिखराला आग्यामोहोळ लागलंय. उत्सवात कुणीतरी दणादण टोले हाणले आणि माश्या उठल्या. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही त्यांनी फोडून काढलं. गावकरी मोहोळ जाळायला निघाले होते. महाराजांनी त्यांना परत पाठवलं आणि घंटेला फडकं बांधलं.

हेरंब एकदम खुलला. "महाराज, माझं औषध तरी दुसरं काय करतं?"

आणि मग गडी जो सुटला! वृंदाच्या आतड्याला चार वर्षं सूज होती. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या रखवालदार, पण त्याच झुंडीनं तिच्या आतड्यात घुसून सगळी नासधूस करायच्या. रक्तातून बाहेर पडायचं तर त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीवर धरायला कड्या लागतात. कड्या तयार करा, असा निरोप चिठ्ठीसारखा पेशीत फिरत असतो. हेरंबचं औषध म्हणजे त्या चिठ्ठीवर नेमकी चिकटणारी, उलट्या अक्षरांची एक बारीकशी पट्टी. चिठ्ठी वाचता येत नाही, कड्या बनत नाहीत, झुंड बाहेर पडत नाही. पहिल्या दोन इंजेक्शनांतच वृंदाचं रक्त पडायचं थांबलं होतं. तिसरं आज चार वाजता होतं.

"मग तू इथं कशाला आलास?"

"आशीर्वाद घ्यायला."

महाराजांनी पुढची चिंच सोलायला घेतली.

"वृंदा कशी आहे?"

"छान आहे. ताप नाही, काही नाही. नुसती कणकण आहे."

महाराजांचा चिंच सोलणारा हात थांबला.

सकाळी वृंदानंच नर्सला सांगितलं होतं, अंगात कणकण आहे. थर्मामीटरनं नव्व्याण्णव दाखवलं. ताप लिहू का, असं नर्सनं विचारलं. ताप लिहिला असता तर नव्या औषधाच्या चाचणीच्या नियमानं इंजेक्शन थांबलं असतं. हेरंब मध्ये पडला. कणकण म्हणजे काही ताप नव्हे, तो म्हणाला, आणि फॉर्मवर 'ताप नाही' असं लिहिलं गेलं. तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. का बसवत नाही, हे स्वतःला विचारायची त्याची छाती होत नव्हती.

"जा. घंटा वाजवून ये."

"महाराज, सव्वातीन वाजलेत..."

"वाजवून ये."

तो तणतणत गेला आणि सगळा राग त्यानं त्या दोरावर काढला. थप्प... एवढाच आवाज. खांद्यात मात्र कळ आली.

वळून बघतो तो काय, ऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले महाराज भिंत धरत, तापलेल्या फरशीवरून अनवाणी त्याच्याकडे येत होते.

"आलो रे, आलो..."

"अहो, जेमतेम तर वाजली. एवढ्याशा आवाजाला कशाला धावत..."

सगळ्या ताकदीनं ओढलेला दोर अजून त्याच्या मुठीत होता. खांदा ठणकत होता.

झुंड तर आपणच अडवून धरली आहे. वृंदाच्या अंगात कुठे जंतू शिरले असतील, तर त्यांची बोंब ठोकणार कोण, ताप चढणार कसा? एवढीशी कणकण, आणि तीही आपण खोडून टाकली.

त्यानं फोन लावला. वृंदावर उपचार करणाऱ्या डॉक्टर ठोंबरेबाईंना त्यानं सांगितलं, चारचं इंजेक्शन देऊ नका. रक्त तपासायला पाठवा, जंतू शोधा. आणि फॉर्मवर ताप आहे म्हणून लिहा.

फोनमधला बाईंचा आवाज महाराजांनाही स्वच्छ ऐकू येत होता.

"सर, अजूनही नव्व्याण्णवच आहे. एवढ्याला ताप म्हणत नाहीत, असं सकाळी तुम्हीच म्हणालात. मग मी आता कारण काय लिहू?"

हेरंबनं महाराजांकडे पाहिलं. ते पायरीवर बसून भाजलेले तळवे चोळत होते.

"सांग त्यांना," महाराज म्हणाले, "फडकं घंटेला बांधलंय... कानाला नाही."