एका डोळ्याचा राजा

लई जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तुमच्या पणज्याच्या पणज्याला दातसुद्धा आले नव्हते. म्हणजे खरी की खोटी, हे विचारायला तुम्ही कुणाकडं जाणार? माझ्याच तोंडाकडं बघावं लागंल. बघा मग.

एक राजा होता. मोठा राजा. हत्ती होते, घोडे होते, आणि नाक होतं. नाक तर असं, की राजा यायच्या आधी नाक दरबारात येई.

त्या राजाच्या वाड्यात चित्रांचा एक लांबच लांब महाल होता. भिंतीवर सगळे जुने राजे, जुने सरदार, जुने मानकरी. कुणाच्या हातात फूल, कुणाच्या हातावर ससाणा. पण गंमत अशी, की सगळे एका बाजूनंच काढलेले. एक कान, एक गाल, एक डोळा. दुसरा डोळा कुठं गेला म्हणून विचारायची सोय नाही. रीतच तशी. राजा कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसतो, तो लांब कुठंतरी बघत असतो, असं सरदार मिशा पिळून सांगायचे.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. ह्या घराण्याचा पहिला राजा तिरळा होता. एक डोळा दरबारात, तर दुसरा मुदपाकखान्यात. चितारी बिचारा हुशार. त्यानं राजाला एका बाजूनं काढलं आणि आपली मान वाचवली. पुढच्या राजाला वाटलं, ही मोठेपणाची खूण. त्याच्या पुढच्याला वाटलं, हा धर्मच. झाली रीत! तिरळा मेला, तिरळेपण मागं राहिलं.

सरदारांनी तर त्याच्यावर कडी केली. चित्रात तसे दिसायचे, म्हणून हिंडायचेपण तसेच. मान वळवून बोलायचे, मान वळवून चालायचे. एक सरदार तसाच चालत खांबाला जाऊन धडकला आणि खांबालाच मुजरा करून पुढं गेला.

राजापण असाच. कुणाकडं समोरून बघायचा नाही. फक्त एक माणूस त्याला वळवू शकायचं. त्याची लेक.

आई नव्हती पोरीला. ती दुडुदुडु दरबारात यायची, सिंहासनावर चढायची, आणि बापाची हनुवटी आपल्या चिमुकल्या हातात धरून वळवायची.

"आबा, इकडं!"

की राजा इकडं. दोन्ही डोळ्यांनी, सगळ्या तोंडानं. सरदार खाली बघायचे, कारण राजाचं नाक समोरून बघायची त्यांना सवय नव्हती.

पोरी काय, डोळ्यांदेखत वाढतात. डोळे दुसरीकडं असले, तर डोळ्यांमागंही वाढतात. मोठी झाली, तशी शहाणी झाली. दरबारात हनुवटी धरायची लाज वाटायला लागली. तिचं लग्न झालं. डोंगरापलीकडचं राज्य, घर चांगलं, नवरा चांगला.

निघायची वेळ झाली. आता राजाच्या लेकीची पाठवणी म्हटल्यावर चित्र नको का? चितारी फळी घेऊन बसला. राजा उभा राहिला, हातात गुलाब, मान बाजूला, नजर लांब वेशीकडं. रीतीप्रमाणं.

लेक पालखीपाशी जायच्या आधी बापापाशी आली. पायावर डोकं ठेवलं. उठली, समोर उभी राहिली.

"आबा, येते."

राजाची मान वळणारच होती. तेवढ्यात चितारी म्हणला, "महाराज, हलू नका. एवढी नाकाची रेघ होऊ द्या."

राजा हलला नाही. त्याला वाटलं, एवढी एक रेघ होऊ दे, मग बघतोच.

लेक थांबली. तिचा हात जरा वर उठला, हनुवटीपर्यंत यायला निघाल्यासारखा. पण सगळे सरदार उभे होते. हात खाली आला. ती वळली.

"झालं, महाराज," चितारी म्हणला.

राजानं मान वळवली. पालखीचा पडदा पडला होता. भोई उचलून चालायला लागले होते. राजाला लेक दिसली नाही, धूळ दिसली.

चित्र मात्र असं उतरलं, की विचारू नका. राजा ताडमाड. नाकाची रेघ म्हणजे तलवार. आणि पायापाशी लेक, करंगळीएवढी. कारण मानानं जो मोठा, तो चित्रात मोठा, अशीही एक रीत होती. त्या करंगळीएवढ्या लेकीच्या तोंडावर पदर. तोंड नाहीच.

राजा रोज त्या चित्रापुढं जाऊन उभा राहायचा. वाकून वाकून पदराखाली बघायचा. रंगाखाली काय दिसणार? भिंत.

तुम्ही म्हणाल, मग उठून भेटायला का गेला नाही? शहाणे आहात. त्याला एवढं सुचलं नसंल का? पण तिकडची रीत अशी, की लेक माहेरी न्यायची, तर न्यायला बापानं स्वतः यायचं. आणि इकडची रीत अशी, की राजानं कुणाच्या दारात जायचं नाही, लोकांनी राजाच्या दारात यायचं. दोन रीती एकमेकींना पाठ लावून बसल्या, आणि मधे डोंगर.

पुढं तिकडून एक जासूद आला. मुजरा करून म्हणला, "बाईसाहेबांनी निरोप दिलाय. आबांना यायला जमत नसंल, तर आबांचं चित्र तरी पाठवा."

राजाला एवढा आनंद झाला, की त्यानं सगळ्यात देखणं चित्र काढवून घेतलं आणि रेशमात गुंडाळून पाठवलं.

थोड्या दिवसांनी चित्र परत. तोच जासूद, तेच रेशीम.

"का रे?" राजा म्हणला. "आवडलं नाही?"

जासूद खाली बघून म्हणला, "महाराज, बाईसाहेब म्हणल्या, हे आबा माझ्याकडं बघत नाहीत. ह्या भिंतीला लावलं, तर खिडकीकडं बघतात. त्या भिंतीला लावलं, तर दाराकडं. मी समोर बसून बसून दमले. मला बघणारे आबा पाठवा."

राजानं चितारी बोलावला. "मला समोरून काढ. दोन्ही डोळे काढ."

चितारी पांढराफटक पडला. बापजन्मात त्यानं समोरचं तोंड काढलं नव्हतं. त्याच्या बापानं नाही, आज्यानं नाही. बाजूनं नाक म्हणजे एक रेघ. समोरून नाक काढायचं कसं? पहिलं नाक झालं वांगं. दुसरं झालं भरलं वांगं. तिसऱ्या चित्रात डोळे असे आले, की पहिल्या राजाची आठवण झाली असती, पण ते गुपित कुणाला ठाऊक?

हसू दाबायला पदर नव्हता, म्हणून सरदारांनी तोंडात शेले कोंबले. एक म्हणला, "महाराज, ह्यात अब्रू जाईल." राजालापण हसू आलं.

चितारी हात जोडून म्हणला, "महाराज, नाकाचं मी बघतो. पण तुमचे डोळे कुठं बघतायत तेच कळत नाही. असं करा, माझ्याकडं बघू नका. बाईसाहेब समोर उभ्या आहेत असं समजा. जाताना उभ्या होत्या, तशा. आणि त्यांच्याकडं बघा."

राजानं समजायचा लई प्रयत्न केला. शालू आठवला, तो हिरवा असतोच म्हणून. मुंडावळ्या आठवल्या, त्या असतातच म्हणून. तोंड काही येईना.

"मला ठाऊक नाही रे," राजा म्हणला. "मी बघितलंच नव्हतं."

आणि त्याची मान सवयीनं बाजूला वळली.

तिथं खिडकीत एक कावळा बसला होता. कावळे तेव्हा बोलायचे. आताही बोलतात, पण आपण त्यांना हाड हाड करतो. कावळ्यानं मान वाकडी करून राजाकडं बघितलं आणि म्हणला, "काय रे राजा, तुझे डोळेपण बाजूला बसवलेत का?"

"समोर आहेत की," राजा म्हणला.

"मग मान का वाकडी करतोस? मला एका वेळी एका डोळ्यानंच नीट दिसतं, म्हणून मी करतो. तुला दोन समोर दिलेत, तर तुझी ही तऱ्हा. मला दिले असते ना, तर मी नुसता बघतच बसलो असतो."

"चल, ऊठ," राजा म्हणला, "पिंडाला येऊन शिवणारा तू, तू मला शिकवतोस?"

"मी उठतोच. तू कधी उठणार?" कावळा म्हणला आणि उडून गेला.

ते बोलणं राजाला लागलं. तो म्हणला, "पालखी काढा. उद्या लेकीकडं जाऊ."

सरदार म्हणले, "जाऊ की महाराज. पण रीत मोडायची, तर आधी चांगला दिवस बघू." दिवस बघता बघता दसरा आला. दसरा झाला, तर हत्ती आजारी पडला. हत्ती उठला, तर नदी भरली. उद्याचं असं असतं, त्याला रोज एक दिवस पुढं बसायला मिळतं. वर्षं गेली. राजाच्या मिशा पिकल्या, चिताऱ्याचा हात कापायला लागला.

आणि दुधावर साय धरावी, तशी राजाच्या डोळ्यांवर साय धरली.

कुणालाच कळलं नाही. कसं कळंल? राजा कुणाकडं बघतच नव्हता. बघणारा राजा आणि न बघणारा राजा, बाजूनं सारखेच दिसायचे.

एक दिवस चितारी महालात आला. राजा नेहमीच्या जागी उभा होता, पाठवणीच्या चित्रापुढं. वाकून, पदराखाली बघत.

चितारी थबकला. मग हळूच म्हणला, "महाराज, चित्र धूळ पुसायला खाली उतरवलंय. सकाळपासून ही भिंत मोकळीच आहे."

राजा तसाच वाकलेला राहिला. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणला, "आता मला न्या. चांगला दिवस बघणाऱ्याला इथंच ठेवा."

निघाली पालखी. डोंगर चढली, डोंगर उतरली.

तिकडं लेकीच्या वाड्यावर सकाळपासून कावळा ओरडत होता. कुठला कावळा ते मी सांगत नाही. लेक आता काही पोर नव्हती, तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. दासी म्हणली, "बाईसाहेब, पाहुणा येणार." लेक म्हणली, "माझ्याकडं कोण येतंय?" असं म्हणली खरं, पण स्वतः मुदपाकखान्यात जाऊन पुरणाच्या पोळ्या लाटायला बसली. आबांना पुरण आवडायचं.

चौकात पालखी टेकली. राजा उतरला. आणि बघा सवय कशी असते. लेकीच्या चौकात उभा राहिला, तरी मान बाजूला.

लेक धावत आली. सासर होतं, नोकरचाकर होते, तिकडचे सरदार होते. तिनं कुणाला विचारलं नाही. बापाची हनुवटी धरली आणि वळवली.

"आबा, इकडं!"

राजानं बघितलं. दोन्ही डोळ्यांनी, सगळ्या तोंडानं बघितलं. सगळा जन्म लेक ज्या बघण्याची वाट बघत होती, ते बघणं तिला मिळालं. तिनं डोळे भरून घेतले. आणि मग तिला कळलं, की आबांची नजर निघाली आहे, पण आपल्यापर्यंत येत नाही. मधेच कुठंतरी थांबते.

"आबा, मी दिसते ना?"

"दिसतेस की. न दिसायला काय झालं?"

"मग माझ्या कपाळावर काय आहे, सांगा."

"कुंकू," तो म्हणला.

लेक हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुंकू तर आहेच. पण पीठ लागलंय, आबा. लहानपणी लागायचं, तसं. पुसा ना."

राजानं हात पुढं केला. हात पहिल्यांदा चुकला, कानाला लागला. तिनं तो धरून कपाळावर ठेवला. राजा पीठ पुसत राहिला. पीठ निघून गेलं, तरी पुसत राहिला.

"तू कशी दिसतेस ग आता?" त्यानं विचारलं.

"नाक तुमचंच आहे," लेक म्हणली. "बाकीचं सांगत बसते. आधी आत चला."

तिनं सगळं सांगितलं. केस कसे झाले, गालाला खळी अजून पडते की नाही, सगळं. राजा ऐकायचा आणि पुन्हा विचारायचा. पण कानानं ऐकलेलं कानातच राहतं. डोळे उपाशी ते उपाशीच.

चितारी बरोबर आला होता. त्यानं चौकातलं ते चित्र काढलं. बाप समोरून, लेक समोरून, दोघं एकाएवढे. नाक वांग्यासारखंच आलं. पण ह्या वेळी कुणी हसलं नाही.

चित्र पुरं झालं, तेव्हा राजानं ते हातात घेतलं. कडा चाचपल्या.

"ती माझ्याकडं बघतेय का रे?"

"हो, महाराज."

"आणि मी?"

चिताऱ्यानं चित्रातल्या डोळ्यांकडं बघितलं. मग म्हणला, "तुम्हीपण, महाराज. डोळे भरून."

राजानं ते चित्र छातीशी धरलं. ते सगळ्या राज्यानं बघितलं. फक्त राजानं बघितलं नाही.

तेव्हापासून त्या राज्यात चितारी माणसं समोरून काढायला लागले. आणि कुणी निरोप घ्यायला आलं, की चितारी आधी फळी खाली ठेवायचा.

म्हणून सांगतो, आपलं माणूस 'येतो' म्हणून समोर उभं राहिलं, की आधी त्याच्याकडं बघून घ्यावं, ऐट काय नंतरही करता येते.

आता माझ्या तोंडाकडं काय बघत बसलाय? शेजारी कोण बसलंय, तिकडं बघा.