काजरोळीत हात वर करत नाहीत

हात खाली घ्या आधी. मघापासून तुम्ही त्या होडीकडे बघून हात हलवताय आणि होडीतला माणूस बघूनही न बघितल्यासारखं करतोय. आम्ही माणूसघाणे वाटलो असू तुम्हाला. तसे थोडे आहोतही. पण काजरोळीत समुद्राकडे तोंड करून कुणी हात वर करत नाही, आणि केलाच तर त्याच्याकडे कुणी बघत नाही. शाळेत कवायत असते तीसुद्धा डोंगराकडे तोंड करून. तुम्ही पाहुणे, तुम्हाला माफ आहे. फक्त एक सांगा, तुम्ही जागा बघत फिरणारे दलाल तर नाही ना? नाही म्हणताय तर नाही. बसा.

खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतोय, ही गोष्ट तिथली. मला आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. मध्ये कुणी किती मीठमसाला लावला ते मला माहीत नाही. माझ्या कानावर आली तशी सांगतो.

फिरंग्यांशी दर्यावर लढाई चालू होती तेव्हाचं हे, असं सांगतात. गावातले तरणे गडी आरमारात गलबतांवर गेलेले. मागे राहिलेल्यांत मोठा माणूस म्हणजे धाकजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि त्या दिवसांत तोच गावाचाही. एकदा दिवेलागणीला एक होडी खाडीत शिरली. होडी कोळ्यांची, माणसांच्या कमरेला कोळ्यांचेच रुमाल, आणि हाका मारल्या त्या गावकऱ्यांची नावं घेऊन. धाकजीचा भाऊ त्यांचा दोर धरायला पाण्यात उतरला. त्याला पहिला कापला. मग निम्मं गाव जाळून ते फिरंगी निघून गेले. नावं त्यांना कुणी सांगितली, हे आजतागायत कळलेलं नाही. माझा एका घरावर संशय आहे, पण ते जाऊ द्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकजी तर पाणीही फुंकून प्यायला लागला म्हणे. सोयऱ्याधायऱ्यांवर विश्वास नाही, शेजाऱ्यावर नाही. त्यानं एक खूण ठरवली. समुद्राकडून येणाऱ्यानं उजव्या हाताची मूठ आवळायची आणि हात डोक्यावर ताठ धरायचा. खूण फक्त काजरोळीच्या माणसांत ठेवायची, बाहेर गेलात तर सोबत्यालाही सांगायची नाही. हात दिसला तर दोर, नाही तर दगड. हाकेवर जायचं नाही, चेहऱ्यावर जायचं नाही. ‘नावं त्यांनापन ठावं हायेत,’ असं तो म्हणायचा. आरमारात निघालेल्या प्रत्येकाकडून त्यानं ती खूण घोटून घेतली. त्यांत त्याचा एकुलता एक मुलगा पोशाही होता.

पुढे एका सकाळी बाहेर दर्यात तोफा वाजल्या. दुपारी ओहोटी लागली तशी किनाऱ्याच्या कडेकडेनं मोडकी लाकडं वाहत येऊ लागली. गावात उरलेल्या होड्या चिखलात बसलेल्या, त्या हलवणं शक्यच नव्हतं. आणि ओहोटीचं पाणी त्या खडकाला घासून असं काही पळतं की खडक चुकला की पुढे नुसता दर्या. तिथून माणूस काढायचा तर खडकावर उभं राहून लाकडाचा तरंगता बोया बांधलेला दोर फेकायचा, तोही माणूस समोरून जाईल तेवढ्यात. धाकजी दोर घेऊन उभा होता. शेजारी त्याची सून हिरू, पोशाची बायको. मागे दगड घेतलेलं गाव.

एक तुटकी डोलकाठी येताना दिसली. तिच्यावर तीन माणसं आडवी पडलेली, आणि चौथा पाण्यात राहून तिला खडकाकडे रेटत होता. तोंडं तोफांच्या दारूच्या धुरानं काळी. त्यांतल्या एकाच्या अंगावर फिरंग्याचा तांबडा डगला होता. काठीवरचे ओरडत होते, पण वाऱ्यात शब्द कळत नव्हता. आणि कळला असता तरी काय?

“हात वर कर!” धाकजी ओरडला. चौथ्यानं हात वर केला नाही.

हिरू म्हणाली, “मामा, तो तुमचा पोर हाय. होडी चिखलातनं काढताना असाच खांदा लावून रेटतो तो. दोर टाका.”

“माज्या पोराला खूण ठावं हाय. मंग हात का नाय वर करत?”

याला तुमच्याकडे उत्तर असतं? हिरूनं दोराला हात घातला, तर सासऱ्यानं दोरावर पाय दिला. काठी जवळ आली, खडकाच्या समोर आली. आता पुढे सरकली की गेलीच.

तेवढ्यात पाण्यातल्या माणसाचा उजवा हात वर आला. मूठ आवळलेली, हात ताठ.

धाकजीनं त्याच क्षणी दोर फेकला. त्याचा नेम कधी चुकला नव्हता. बोया काठीवर पडला, काठीवरच्यांनी तो धरला, गावानं ओढून तिघांना वर घेतलं. काठीमागचा हात तसाच वर होता आणि तसाच पाण्याखाली गेला. शेवटपर्यंत वाकला नाही, असं सांगतात. अशा गोष्टींत असं नेहमीच सांगतात, पण हे मला खरं वाटतं.

वर आलेल्यांत दोघे आपल्या आरमारातले, पण दूरच्या गावचे, खूण माहीत नसलेले. त्यांतला एक रडत रडत बोलला. पोशाचा डावा हात गोळ्यानं मोडला होता. जळत्या गलबतावरून त्यानं एका हातानं एकेकाला ओढून काठीवर घातलं, आणि मग त्याच हातानं काठी धरून रेटत आणली. काठीवरचा तो हात सोडला तर पोशा बुडणार, हे सगळ्यांना कळत होतं. हे दोघे म्हणाले, आम्ही ओरडतो, तू सोडू नकोस. तर पोशा म्हणाला, “खडकावर बाबा असंल. हात दिसल्याबिगर तो दोर टाकायचा नाय.”

तिसरा खरंच फिरंगी निघाला, त्यांचा तोफा डागणारा गोलंदाज. म्हणजे धाकजीचा संशय अगदीच खोटा नव्हता. पोशानं शत्रूला का उचललं, हे मी आजोबांना विचारलं होतं. त्यांनी बोलणं बदललं. गावकरी कोयते घेऊन धावले तेव्हा धाकजी मध्ये उभा राहिला. “माज्या पोरानं आनलाय त्याला,” एवढंच म्हणाला. त्या फिरंग्याला पेज पाजून कैदी म्हणून किल्ल्यावर पाठवला.

हिरूनं सासऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं, “पटली का खूण?” मला विचाराल तर शिव्या बऱ्या होत्या. ही गोष्ट सांगताना इथे आलो की मला धाकजीचा राग येतो, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं म्हणून माझाही येतो.

खूण त्याच दिवशी मोडली. धाकजीनं गावाला शपथ घातली की पाण्यात माणूस दिसला तर आधी दोर, विचारपूस मग. चोर असो, वैरी असो, वर घ्या आणि मग काय ते बघा.

आजही नारळी पुनवेला, नारळ सोडायच्या आधी, गावचा तांडेल खडकावरून मोकळ्या पाण्यात दोर फेकतो आणि एकट्यानं ओढून घेतो. हल्ली ते काम माझ्याकडे आहे. दोर जड लागतो, टोकाला कुणी धरल्यासारखा. भिजलेला दोर जड लागणारच, हे मलाही कळतं. तरी त्याचं टोक वर आल्याशिवाय मला मान वर करून गावाकडे बघवत नाही.